पंचवीस इंचांची काठी

बिल्टमोर काठी म्हणजे खरं तर एक लाकडी पट्टी; पण तिच्यावरच्या खुणा बघितल्या की बनवणाऱ्याचा हात चुकला असावा असं वाटतं. सुरुवातीला खुणा ऐसपैस, आणि पुढे जावं तशा त्या एकमेकींना खेटत जातात. ही काठी झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर आडवी टेकवायची, डोळा तिच्यापासून बरोबर पंचवीस इंचांवर ठेवायचा, काठीचं डावं टोक बुंध्याच्या डाव्या कडेशी जुळवायचं आणि मान न हलवता नुसती नजर उजव्या कडेला न्यायची. तिथे जो आकडा दिसेल तो झाडाचा व्यास. यात जादू काही नाही. वर्तुळ, स्पर्शिका आणि समरूप त्रिकोण. दहावीची भूमिती आहे. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा हे करतं, मग बुंध्याभोवती टेप गुंडाळून पडताळतं आणि आकडा जवळपास जुळतो, तेव्हा ते ज्या नजरेने माझ्याकडे बघतं त्यासाठी मी दर उन्हाळ्यात गोचिडांचे चावे सहन करते.

मी वेस्ट व्हर्जिनियात खासगी जंगलमालकांना सल्ला देण्याचं काम करते. या राज्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भूभागावर जंगल आहे, आणि त्यातलं बहुतेक सरकारचं नाही. कुणाचं चाळीस एकर, कुणाचं दोनशे; आजोबांकडून आलेलं, भावाभावांत वाटलेलं, कधी कर्जापायी विकायला काढलेलं. मी मूळची परतवाड्याची. आमच्या लहानपणी जंगल सरकारचं असतं हे कुणी वेगळं सांगावंही लागत नव्हतं. मेळघाटातलं सागवान सरकारी डेपोत यायचं, तिथे लिलाव व्हायचा आणि तिथून ट्रक वखारींकडे निघायचे. बाबा एका वखारीत हिशेब बघायचे. मी दापोलीला वनशास्त्र शिकले, पुढचं शिक्षण इकडे झालं आणि इकडेच राहिले. माझी ओळख एवढी पुरे.

फोर-एच ही अमेरिकेतल्या ग्रामीण मुलांची जुनी चळवळ, 1902 च्या सुमारास सुरू झालेली. गाई-डुकरं पाळण्यापासून रोबो बनवण्यापर्यंत तिच्यात सगळं चालतं, तसं वनशास्त्रही चालतं. हायस्कूलच्या वयाची मुलं संघ करून आधी आपापल्या राज्यात उतरतात आणि तिथे जिंकलेले संघ उन्हाळ्यात वेस्टन गावाजवळच्या जॅक्सन्स मिल या शिबिरस्थळी येतात. यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन इथे लहानाचा मोठा झाला. 1921 पासून इथे फोर-एचची शिबिरं भरतात, आणि राष्ट्रीय फोर-एच वनशास्त्र स्पर्धा 1980 पासून चालू आहे. झाडं ओळखणं, झाडं मोजणं, होकायंत्र धरून पावलांनी अंतर काढणं, कीड आणि रोग ओळखणं, समोच्चरेषांचा नकाशा वाचणं, जंगलाचं मूल्यमापन करणं, आणि बझर दाबून उत्तरं द्यायची एक प्रश्नमंजूषा, जिच्यात मुलांपेक्षा पालकच जास्त ओरडतात. आमच्या काउंटीच्या मुलांची वसंतात तयारी करून घेणं हे माझं एक काम, आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा जॅक्सन्स मिलला क्लिपबोर्ड घेऊन एखाद्या खुंटापाशी उभं राहणं हे दुसरं.

आमच्या शाळेतही झाडांच्या स्पर्धा असायच्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव. तो क. मा. मुन्शींनी 1950 साली सुरू केला हे तारीख-वारासकट पाठ करून घ्यायचे. मग निबंध, वक्तृत्व, रंगीत खडूंनी काढलेली भित्तिचित्रं. निबंधाची सुरुवात तुकोबांच्या अभंगाने करायची, मध्ये प्राणवायू आणायचा आणि शेवट रोप लावण्याच्या शपथेवर. परीक्षक गुरुजी भल्या मनाचे असत आणि बक्षीस बहुधा खणखणीत आवाजाला मिळे. त्या स्पर्धांची मला चेष्टा करायची नाही; एका अख्ख्या पिढीला झाड ही चांगली गोष्ट आहे एवढं तरी त्यांनी शिकवलं. पण शाळेच्या आवारातली झाडं कोणती, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. जॅक्सन्स मिलला सगळी स्पर्धा तिथूनच सुरू होते. झाडावर प्रेम आहे का, हे कुणी विचारत नाही. हे कोणतं, किती जाड, किती उंच, याला काय झालंय, एवढंच.

ओळखण्याच्या फेरीत इंग्रजी नावाचं स्पेलिंगही नीट यावं लागतं, आणि तिथेच भल्याभल्यांचे गुण जातात. पण खरी मजा तयारीत आहे. पहिल्या दिवशी मुलं पानाकडे बघतात, कारण पुस्तकात पानाचं चित्र असतं. मी त्यांना फांदीकडे बघायला लावते. पानं समोरासमोर जोडीने येतात की एकाआड एक? इकडच्या जंगलात समोरासमोर पानं येणारे मोठे वृक्ष थोडेच. मेपल, ॲश, डॉगवुड आणि हॉर्स-चेस्टनट, आद्याक्षरांवरून मुलं ‘मॅड हॉर्स’ म्हणून लक्षात ठेवतात. या एका प्रश्नाने निम्मं जंगल बाजूला सरतं. मग ओक. पांढऱ्या ओकच्या पानांचे खंड गोलसर, तांबड्याचे टोकदार आणि टोकाला बारीक केस. ट्यूलिप पॉपलरचं पान शेंड्याला कात्रीने कापल्यासारखं सपाट. सॅसफ्रासच्या एकाच झाडावर तीन आकारांची पानं, आणि डहाळी मोडून नाकाशी धरली की पुढे चित्र बघायची गरज उरत नाही. काळ्या चेरीच्या मोठ्या झाडाच्या सालीला मुलं जळके कॉर्नफ्लेक्स म्हणतात, आणि खरंच, एकदा तसं म्हटल्यावर दुसरं काही दिसत नाही.

हिकरी मात्र माणसाचा अंत बघते. शॅगबार्क सालीवरून कळते, लांब पट्ट्या सुटलेल्या असतात. पण पिगनट, मॉकरनट आणि बिटरनट यांत मुलंच काय, पगारी फॉरेस्टरही घुटमळतात. बिटरनटची कळी गंधकासारखी पिवळी असते, हा एक पक्का धागा. मला अशा वेळी ऐन आठवतो. कोवळ्या झाडांच्या गर्दीत ऐन कुठला हे दापोलीत आमच्या सरांनी पान उलटं करून दाखवलं होतं. मागच्या बाजूला, देठाजवळ, शिरेच्या बुडाशी दोन गाठी. ज्याला त्या गाठी माहीत आहेत त्याला बाकीचं वर्णन नको असतं. झाड ओळखणं हे सगळं बघण्याचं काम नाही. कुठे बघायचं ते ठाऊक असण्याचं आहे. तेवढ्यापुरती ही स्पर्धा उत्तम शाळा आहे, कारण घड्याळ चालू असतं आणि सगळं बघत बसायला वेळच नसतो.

किडीच्या फेरीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे उभं राहिलं की माझं मन लागत नाही. टेबलावर नमुने मांडलेले असतात आणि प्रत्येक नमुना म्हणजे एक गेलेलं किंवा जाणारं झाड. ॲशच्या सालीवरचं इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं भोक, म्हणजे पाचूसारखा हिरवा बोरर, 2002 साली डेट्रॉईटजवळ पहिल्यांदा सापडलेला. हेमलॉकच्या सुयांच्या बुडाशी पांढरी लोकर, म्हणजे ॲडेल्जिड. बीचच्या पानांवर शिरांच्या मधले काळपट पट्टे, म्हणजे 2012 मध्ये ओहायोत आढळलेला नवा रोग. चेस्टनटचं तर विचारूच नये. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात करपा दिसला आणि पुढच्या काही दशकांत अब्जावधी झाडं गेली. अजून जुन्या मुळांतून धुमारे फुटतात, थोडे वाढतात आणि पुन्हा मरतात. पंधरा वर्षांची मुलं हे सगळं खटाखट लिहून गुण मिळवतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. त्यांना ॲशने भरलेलं जंगल आठवतच नाही.

मोजण्याच्या फेरीत मी रमते.

काठीचं एक गुपित आहे. ती पंचवीस इंचांच्या हातासाठी आखलेली आहे. मूल लहानखुरं असेल, हात आखूड असेल, तर डोळा नकळत काठीच्या जवळ येतो आणि झाड आहे त्यापेक्षा बारीक मोजलं जातं. म्हणून आम्ही तयारीत आधी झाड मोजत नाही, मुलांचे हात मोजतो. डोळ्यापासून मुठीपर्यंत दोरी धरायची, पंचवीस इंचांवर गाठ मारायची, आणि ती सवय अंगात मुरेपर्यंत दोरी दातांत धरून काम करायचं. शेजारून जाणाऱ्यांना हे दृश्य जरा चमत्कारिक दिसतं. अमेरिकेत व्यास छातीच्या उंचीवर म्हणजे साडेचार फुटांवर घेतात. आपल्याकडेही तीच उंची, 1.37 मीटर, फक्त आपण व्यास नाही, गोलाई घेतो. उंची दोन्हीकडे इतकी नेमकी सारखी असण्याला काही कारण असावं, आणि त्याचा एक धागा मला काठीच्या नावाच्या मागे लागल्यावर सापडला.

बिल्टमोर म्हणजे उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिलजवळची व्हँडरबिल्ट घराण्याची इस्टेट. तिथे 1895 मध्ये कार्ल शेंक नावाचा तरुण जर्मन वनाधिकारी जंगल सांभाळायला आला, आणि 1898 मध्ये त्याने तिथे अमेरिकेतलं पहिलं वनविद्यालय काढलं. काठी त्याच्या शाळेतली. आणि शेंक घडला होता डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली. ब्रँडिस म्हणजे 1864 मध्ये नेमले गेलेले हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स. निवृत्त झाल्यावर ते युरोपातल्या जंगलांतून विद्यार्थी फिरवीत आणि शेंक त्यांच्याबरोबर असे. अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो, तोही ब्रँडिसचाच सल्ला घेऊन शिकलेला. म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातल्या पोराच्या हातातली काठी दोन पिढ्या मागे गेली की आमच्या सागवानाच्या जंगलात पोचते.

शेंकने आपल्या आठवणींत ब्रँडिस यांची मोजणी सांगितली आहे. 1856 च्या सुमारास ब्रह्मदेशात पेगूच्या जंगलात सागवान किती आहे हे काढायचं होतं. पावसाळी रानात कागद टिकत नव्हता. ब्रँडिस हत्तीवर बसून निघत; डाव्या हातात बांबूचे चार तुकडे, उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोनशे फुटांच्या आत सागाचं झाड दिसलं की त्याच्या जाडीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या तुकड्यावर खाच पाडायची, आणि किती मैल झाले ते चौथ्या तुकड्यावर. संध्याकाळी खाचा मोजायच्या. नमुना घेऊन अख्ख्या जंगलाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीची ही फार आधीची खाच. मी हे मुलांना सांगते तेव्हा त्यांना हत्ती आवडतो. मला चौथा तुकडा आवडतो. झाडं सगळेच मोजतात. आपण किती चाललो हे लिहून ठेवलं नाही तर त्या मोजणीला अर्थ राहत नाही.

चालण्यावरून होकायंत्राची फेरी आलीच. इथे मुलांना एका खुंटापासून दुसऱ्या खुंटाची दिशा अंशांत आणि अंतर पावलांनी काढायचं असतं. वनकर्मचाऱ्यांचं अंतराचं जुनं माप साखळी. एक साखळी 66 फूट, 80 साखळ्यांचा मैल आणि दहा वर्गसाखळ्यांचा एकर. सतराव्या शतकातल्या एडमंड गंटर या इंग्रजाची ही साखळी. मुलांना 66 हा आकडा वेडगळ वाटतो. मला वाटत नाही, कारण त्याची निम्मी म्हणजे 33 फूट, आणि 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे आपला गुंठा. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची साखळी 33 फुटांची होती, तिचे सोळा आणे पाडलेले. परतवाड्यात बांधावरून भांडणारे दोन भाऊ आणि इथे खुंट शोधत फिरणारी पोरगी, दोघं एकाच साखळीचे तुकडे वापरतात. मी एकदा मुलांना म्हटलं, माझ्या गावात जमीन याच मापाने विकतात. त्यांतल्या एकाने लगेच विचारलं, गुंठ्याचा भाव काय? मी सांगितला. त्यानंतर बराच वेळ त्याने होकायंत्राकडे लक्ष दिलं नाही.

उतारावर पाऊल आखूड पडतं, चढावर आणखी आखूड, झुडपांतून तर पावलाचा हिशेबच राहत नाही. मुलं दुहेरी पाऊल मोजतात, म्हणजे उजवा पाय पडला की एक. चांगली मुलं चढ लागला की आपल्या आकड्यात स्वतःच दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती पुस्तकात नसते. ज्याची त्याची असते.

आता ज्या मुलीमुळे हे सगळं लिहायला बसले तिच्याबद्दल. आमच्या संघात एक शांत मुलगी होती, लांब हातांची, पण आकड्यावर चटकन विश्वास न ठेवणारी. उभ्या झाडाचा व्यास आणि त्यातून निघणाऱ्या सोळा फुटी ओंडक्यांची संख्या एवढं कळलं की तक्त्यावरून लाकूड किती ते वाचायचं असतं. माप बोर्डफूट, एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट. तक्ते मात्र एकाहून जास्त आहेत. या डोंगराळ भागातले लाकूडखरेदीदार डॉइलचा नियम वापरतात. त्याचं सूत्र सोपं: ओंडक्याच्या बारीक टोकाचा साल सोडून व्यास इंचांत घ्या, त्यातून चार वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा; सोळा फुटी ओंडक्यात तेवढे बोर्डफूट. दुसरा तक्ता इंटरनॅशनल, तो करवतीची जाडी आणि ओंडक्याचा निमुळतेपणा जास्त प्रामाणिकपणे धरतो.

तिने दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. दहा इंची ओंडका: डॉइल 36, इंटरनॅशनल 65. वीस इंची: डॉइल 256, इंटरनॅशनल 290. तीस इंची: जवळपास सारखे. तिने विचारलं, “लाकूड तर तेवढंच आहे ना?” मी म्हटलं, हो. “मग बारीक झाडातलं निम्मं कुठे जातं?”

त्या दिवशीची बाकीची शिकवणी मी गुंडाळली. डॉइलचा नियम एकोणिसाव्या शतकातला. त्या वेळच्या करवती जाड होत्या, ओंडके मोठे होते, आणि कडेच्या फळ्यांची किंमत नव्हती. तेव्हा चार इंच सोडून देणं इतकं वावगं नव्हतं. मोठी झाडं संपली, करवती पातळ झाल्या, नियम राहिला. बारीक लाकूड विकणाऱ्याला तो आजही कमी मोजून देतो. खरेदीदार सगळे लबाड असतात असं नाही. जाणकार विक्रेता डॉइलच्या हिशेबात भाव चढा मागतो आणि गणित बरोबर होतं. प्रश्न अजाण विक्रेत्याचा आहे. त्याला शेजाऱ्याने हजार बोर्डफुटांचा अमुक भाव सांगितलेला असतो, पण तो कुठल्या तक्त्याने हे सांगितलेलं नसतं.

आणि मला हे काही नवं नव्हतं. वखारीत बाबा लाकूड मोजायचे ते गोलाईला चाराने भागून, त्याचा वर्ग करून, लांबीने गुणून. इंग्रजांच्या जमान्यातलं सूत्र. गोल ओंडका चौकोनी तासताना जे वाया जाईल ते आधीच वजा धरायचं, असा त्याचा बचाव. शुद्ध गणिताने बघितलं तर ओंडक्यातलं साडेएकवीस टक्के लाकूड त्या सूत्रात दिसतच नाही. रात्री मी बाबांना फोन लावला आणि त्या मुलीची गोष्ट सांगितली. बाबांना आता ऐकायला जरा कमी येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात.

“म्हन्जे तथीबी चारच?” ते म्हणाले. “आपला चाराचा भागाकार, त्याइची चाराची वजाबाकी.”

“हो ना, बाबा.”

“आन् जे मोजलंच नाही ते कोनाच्या खिशात जाते, हे त्या पोरीले समजलं?”

“तिनेच विचारलं.”

“मंग तिले पह्यला नंबर देऊन टाका. बाकी परीक्षा कायले घेता?”

पहिला नंबर काही मिळाला नाही. आमचा संघ जॅक्सन्स मिलला मधेच कुठेतरी राहिला, आणि हिच्या स्पेलिंगनी आमचे बरेच गुण घालवले. पण स्पर्धेत एक फेरी आहे जिच्यासाठी मी या सगळ्या प्रकाराचं ऋण मानते: जंगलाचं मूल्यमापन. मुलांना जंगलाच्या एका तुकड्यापुढे उभं करायचं आणि विचारायचं, इथे काय करावं. आमच्या सरावात मी कागदावर सर्वांत वर मालकाचा उद्देश लिहून देते. कधी ‘मुलीच्या कॉलेजसाठी दहा वर्षांत पैसे हवेत’, कधी ‘टर्की आणि हरणं हवीत’, कधी ‘ओढ्याचं पाणी स्वच्छ राहावं’, कधी ‘काहीच करायचं नाही, फक्त बघायचंय’. तुकडा तोच. उत्तर दर वेळी वेगळं. पहिल्यांदा मुलं गोंधळतात. त्यांना एकच बरोबर उत्तर हवं असतं. मग वाद होतात. एक म्हणतो, वाकडे मेपल काढा, ओकला ऊन मिळेल. दुसरी म्हणते, त्या पोकळ मेपलमध्ये घुबड राहतं आणि मालकाला घुबड हवंय. झाड तोडणं हे यात पाप नसतं आणि पुण्यही नसतं. ते एका कारणासाठी केलेलं किंवा न केलेलं काम असतं. ज्या राज्यात 1870 ते 1920 या पन्नास वर्षांत जवळजवळ सगळं जुनं जंगल कापून नेलं, डोंगर उघडे पडले, पूर आले, आणि त्यातूनच 1920 मध्ये मोनाँगहिला राष्ट्रीय वन उभं राहिलं, तिथल्या मुलांना हे शांतपणे बोलता येतं याचं मला कौतुक आहे.

एक उणीवही सांगते. या स्पर्धेत मालक नेहमी एकटा असतो, किंवा फार तर एक कुटुंब. जंगलात दहा घरांचा वावर आहे, कुणी मशरूम गोळा करतं, कुणी जिनसेंग खणतं, कुणाची पिढ्यांची वाट आहे, अशी परिस्थिती कागदावर कधी येत नाही. आणताही येईल, पण मग एका तासात उत्तर निघणार नाही.

त्या हिवाळ्यात मुलीचे आजोबा मला भेटायला आले. त्यांचं शंभरएक एकर जंगल होतं, आणि एक खरेदीदार दारात येऊन भाव सांगून गेला होता. नातीने त्यांच्यापुढे दोन तक्ते ठेवले होते. मी नातीची शिक्षिका. तिच्याच घरचं काम घेणं मला बरं वाटेना. म्हणून मी त्यांना राज्याच्या वनखात्याच्या फॉरेस्टरकडे पाठवलं, जो फुकट येऊन बघून जातो, आणि एका दुसऱ्या सल्लागाराचं नाव दिलं. झाडांवर निळ्या रंगाच्या खुणा झाल्या, मोहोरबंद निविदा मागवल्या, मरू घातलेले ॲश आणि काही पॉपलर गेले, ओक राहिले. पहिल्या भावापेक्षा किती जास्त मिळालं ते आजोबांनी सांगितलं नाही, पण जाताना मेपल सिरपचा डबा ठेवून गेले. आणि दारात थबकून त्यांनी विचारलं, “तुमच्या देशात जंगल कुणाचं असतं?”

मी आधी मेळघाटचं सांगितलं, सरकारी डेपोचं. मग म्हटलं, पण अलीकडे एक वेगळी गोष्ट झाली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा लेखा या गोंड आदिवासींच्या गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर तो मिळाला. 2011 मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. कोणती बेटं तोडायची, केव्हा, काय भावाने, हे गाव एकत्र बसून एकमताने ठरवतं. आजोबांना एकमताने निर्णय घेण्याची कल्पना काही पटली नाही. “आम्ही तीन भाऊ होतो,” एवढंच ते म्हणाले आणि गाडीकडे गेले.

मेंढ्याचं बोलून गेले खरी, पण डोक्यात तो कागद राहिला. ‘मालकाचा उद्देश’ या ओळीत ग्रामसभेचं नाव असेल तर प्रश्न कसा मांडायचा? दापोलीचा माझा एक वर्गमित्र गडचिरोलीत काम करतो. त्याला मी जॅक्सन्स मिलचे सगळे कागद पाठवले आणि लिहिलं, आश्रमशाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी असं काही करता येईल का. त्याचा फोन आला तो हसतच.

“झाडं ओळखायचा पेपर इथल्या पोरांना देऊ नकोस,” तो म्हणाला. “ती पोरं सहावीत असतानाच मला धावडा आणि तिवस शिकवतात. तो पेपर परीक्षकांना ठेव.”

“मग त्यांना काय द्यायचं?”

“हिशेब दे. एक बांबूचं कूप, ठेकेदाराचा भाव, मजुरी, आणि ग्रामसभेचं रजिस्टर. किती बांबू निघेल ते मोजा, आणि हा भाव घ्यायचा की नाही ते सांगा. तुझा तो डॉइल पण दे. पोरांना मजा येईल.”

मी म्हटलं, मे महिन्यात सुट्टीत येते, तेव्हा एका शाळेत करून बघू.

“मे महिन्यात नको. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, पोरं पहाटेपासून घरच्यांबरोबर पानं तोडायला जातात. दिवाळीनंतर ये. आणि ती पंचवीस इंची काठी आणू नकोस, इथे सगळे गोलाई घेतात. टेप आण, चांगल्यातले.”